घरच्या संगणकावर केबलची वाहिनी

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीतून आत आलेली केबलची काळी तार आणि टेबलावरचा संगणक यांच्यात पुरते दोन हातांचेही अंतर नसेल. संगणकाला पडदा आहे, ध्वनिक्षेपक आहे, आणि सेकंदाला कोट्यवधी आकडेमोडी करण्याची ताकदही आहे. मग ती तार सरळ संगणकाला जोडून दूरचित्रवाणीचा कार्यक्रम का पाहता येत नाही? जोडायचे ठरवले, तर मध्ये काय काय लागते? आणि एवढे सगळे जमवूनही कधी कधी पडदा काळाच का राहतो?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना लहरी, आकडे आणि कुलूप अशा तीन गोष्टींची ओळख करून घ्यावी लागते. ती आता क्रमाने करून घेऊ.

आधी उलटा प्रवास

गंमत अशी की, संगणक आणि दूरचित्रवाणी यांची गाठ प्रथम पडली ती नेमकी उलट्या दिशेने. १९८२ साली इंग्लंडमध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा छोटा घरगुती संगणक विक्रीला आला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. त्याची तार घरातल्या टीव्ही संचाच्या अँटेनाच्या खाचेत खुपसायची आणि टीव्हीचाच पडदा वापरायचा! भारतातील निवडक शाळांमध्ये १९८४ पासून 'क्लास' या योजनेखाली जे 'बीबीसी मायक्रो' संगणक आले, त्यांनाही टीव्ही संच जोडता येत असे.

हे कसे साधत असे? टीव्ही संचाला फक्त दूरचित्रवाणीच्या लहरींची भाषा कळते. म्हणून संगणक आपले चित्र त्या भाषेत घालून पाठवी. जणू घरातल्या घरात एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच! आपल्याला हवा आहे तो याच्या उलट प्रवास. म्हणजे लहरींच्या भाषेतले चित्र संगणकाच्या भाषेत, म्हणजेच आकड्यांत आणायचे आहे.

तारेच्या पोटात काय असते?

केबलच्या तारेचा एखादा टाकाऊ तुकडा मिळाला, तर तो आडवा कापून पाहा. मधोमध धातूची एक सरळ तार दिसेल. तिच्याभोवती पांढऱ्या फेसाळ प्लास्टिकचा थर, त्यावर धातूचा पातळ पत्रा व बारीक तारांची जाळी, आणि सर्वांत बाहेर काळे आवरण असते. मधली तार आणि बाहेरची जाळी यांचा अक्ष एकच असतो, म्हणून हिला समाक्ष तार किंवा कोॲक्सियल केबल म्हणतात. जाळीमुळे आतील लहरी बाहेर पसरत नाहीत व बाहेरची खरखर आत शिरत नाही.

या एकाच तारेतून अनेक वाहिन्या एकदम येतात, तरी त्या एकमेकींत मिसळत नाहीत. रेडिओचा काटा फिरवला की वेगवेगळी केंद्रे लागतात, तसेच हे आहे. प्रत्येक वाहिनीला कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येचा, एक स्वतंत्र पट्टा दिलेला असतो. भारतातील जुन्या, सलग संकेतांच्या म्हणजे ॲनॅलॉग पद्धतीत खालच्या कंप्रतांच्या भागात एका वाहिनीला ७ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागे. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख आंदोलने. तारेत ५०० मेगाहर्ट्झ एवढी जागा उपलब्ध असली, तर ५०० भागिले ७, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ७० वाहिन्या. चॅनेलची संख्या का मर्यादित असे, ते या साध्या भागाकारात दिसून येते.

केबलची कल्पना मात्र जास्त वाहिन्यांसाठी निघालेली नव्हती. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्वेनिया आणि ऑरेगन या राज्यांतल्या काही गावांत डोंगर आड येत असल्यामुळे प्रक्षेपण पोहोचत नसे. तेव्हा लोकांनी उंचावर एकच मोठी अँटेना उभारली आणि तिथून तार ओढून घराघरांत नेली. आपल्याकडे १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या येऊ लागल्या, तेव्हा केबलवाल्याने गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि गल्लीभर तारा पसरल्या. तत्त्व तेच, फक्त डोंगरमाथ्याची जागा गच्चीने घेतली.

लांबचा प्रवास आणि दमलेला संकेत

तारेतून जाताना संकेत अशक्त होत जातो, आणि जितकी कंप्रता जास्त, तितका तो लवकर दमतो. घरात वापरतात त्या प्रकारच्या समाक्ष तारेतून १०० मीटर गेल्यावर ५५ मेगाहर्ट्झच्या संकेताची शक्ती सुमारे एक तृतीयांश उरते. त्याच तारेत ५५० मेगाहर्ट्झचा संकेत मात्र जवळजवळ एक चाळीसांशावर येतो! म्हणून तर खांबांवर आणि जिन्यांत ॲम्प्लिफायरच्या, म्हणजे संकेतवर्धकाच्या, डब्या बसवाव्या लागतात.

घरात आलेली तार टीव्ही आणि संगणक अशा दोघांना वाटून द्यायची असेल, तर स्प्लिटर लावतात. त्यात संकेताची शक्ती निम्मी निम्मी वाटली जाते आणि वर थोडी वायाही जाते. नुसत्या तारा सोलून एकमेकींना पिळल्या, तर मात्र काम बिघडते. जोडाच्या जागी लहरी परावर्तित होतात, आणि जुन्या पद्धतीच्या चित्रात मूळ आकृतीच्या उजवीकडे तिची पुसट सावली दिसू लागते. हिलाच 'भूत' म्हणत. भूत कसले, उशिरा पोहोचलेली लहरच ती!

ट्यूनर : गर्दीतून एकाला हाक

आता तार संगणकापर्यंत आली. पण तिच्यात सगळ्याच वाहिन्या एकदम आहेत. त्यांतील एक निवडण्याचे काम ट्यूनर करतो. संगणकाच्या आत बसवायच्या टीव्ही ट्यूनर कार्डावर तो पत्र्याच्या बंद डबीत असतो. डबी कशासाठी? संगणकाच्या पोटात स्वतःच्याच विजेच्या स्पंदनांचा मोठा गोंगाट असतो. त्यापासून ट्यूनरला जपावे लागते.

निवड करण्याची युक्ती मोठी छान आहे. १९१८ साली अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने रेडिओसाठी ती काढली. ट्यूनर स्वतःची एक लहर तयार करतो आणि ती आलेल्या संकेतात मिसळतो. दोन लहरी अशा मिसळल्या की त्यांच्या कंप्रतांच्या वजाबाकीएवढ्या कंप्रतेची नवी लहर मिळते. भारतातील जुन्या पद्धतीत ही वजाबाकी नेहमी ३८.९ मेगाहर्ट्झ येईल, अशी योजना असे.

एक उदाहरण घेऊ. पाचव्या चॅनेलची चित्रवाहक लहर १७५.२५ मेगाहर्ट्झची असते. ट्यूनर २१४.१५ मेगाहर्ट्झची लहर निर्माण करतो. २१४.१५ वजा १७५.२५ बरोबर ३८.९. आता सहावे चॅनेल हवे आहे. त्याची लहर १८२.२५ ची. म्हणून ट्यूनर आपली लहर २२१.१५ करतो. वजाबाकी पुन्हा ३८.९! यापुढील सर्व यंत्रणेला फक्त एकाच कंप्रतेशी गाठ घालावी लागते. प्रत्येक वाहिनीसाठी निराळी चाळणी ठेवण्याऐवजी एकच उत्तम चाळणी ठेवायची आणि धान्य तिच्यापाशी आणायचे, अशी ही सोय.

चित्राचे आकडे होतात

ट्यूनरमधून निघालेला संकेत सलग चढउतारांचा असतो. संगणकाला चढउतार समजत नाहीत, आकडे समजतात. म्हणून दर क्षणी संकेताची उंची मोजून ती आकड्यात लिहावी लागते. दवाखान्यात रोग्याचा ताप दर तासाला मोजून तक्ता भरतात ना, तसेच. फक्त येथे मोजणी तासाला एकदा नव्हे, तर सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा होते! हा वेग १९८२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवण्यात आला.

या वेगाने चित्राची एक ओळ ७२० ठिपक्यांत मोजली जाते. आपल्याकडील पाल या पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी असत, पण त्यांपैकी प्रत्यक्ष चित्राच्या ५७६. अशी चित्रे सेकंदाला २५. रंग धरून दर ठिपक्याला सरासरी दोन बाइट लागतात. आता कागद-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा.

७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. गुणिले २ म्हणजे ८,२९,४४० बाइट. गुणिले २५ म्हणजे २,०७,३६,००० बाइट. म्हणजे सेकंदाला दोन कोटींहून जास्त!

७०० मेगाबाइटच्या सीडीवर असे चित्र साठवू लागलो, तर ती अवघ्या ३४ सेकंदांत भरेल. तासाभराच्या कार्यक्रमाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागेल. घरगुती संगणकावर टीव्ही पाहणे फार काळ अवघड का होते, ते आता लक्षात येईल. जुन्या संगणकांतील कार्डांच्या खाचांमधून एवढा आकड्यांचा लोंढा वाहून नेताच येत नसे. १९९२ साली आलेल्या 'पीसीआय' खाचेतून सेकंदाला सुमारे १३ कोटी बाइट नेण्याची सोय झाली. तेव्हा कोठे हे काम स्वस्त कार्डाच्या आवाक्यात आले, आणि पुढील काही वर्षांत टीव्ही ट्यूनर कार्डे बाजारात मिळू लागली.

दोन पडदे, दोन सवयी

अजून एक अडचण होती. जुना टीव्ही संच चित्र एका दमात काढत नसे. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी आणि मग २, ४, ६ अशा सम ओळी. अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५० दाखवली की डोळ्यांना लुकलुक जाणवत नसे. संगणकाचा पडदा मात्र सगळ्या ओळी क्रमाने एकाच फेरीत काढतो.

दोन अर्धी चित्रे नुसती जोडून संगणकावर दाखवली, तर काय होईल? त्या दोहोंमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. तेवढ्यात चेंडू पुढे सरकलेला असतो! म्हणून पळत्या खेळाडूच्या किंवा चेंडूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसतात. अशा वेळी चित्र दाखवणाऱ्या आज्ञावलीत 'डीइंटरलेस' नावाची सोय असते ती चालू करायची. मग संगणक शेजारच्या ओळींवरून मधल्या ओळींचा अंदाज बांधतो आणि कडा सांधतो.

आकड्यांची केबल

आतापर्यंत तारेत सलग लहरी होत्या आणि त्यांचे आकडे घरात केले जात होते. अंकीय म्हणजे डिजिटल केबलमध्ये हे काम आधीच झालेले असते. तारेतून येतात तेच मुळी आकडे.

पण सेकंदाला दोन कोटी बाइट पाठवायचे कसे? त्यासाठी आकडे दाबून लहान करतात. बातम्या सांगणारी निवेदिका डोळ्यांसमोर आणा. तिचे ओठ हलतात, पण मागची भिंत तशीच असते. मग तीच भिंत सेकंदाला २५ वेळा कशाला पाठवायची? 'मागच्या चित्रातलीच भिंत वापर' एवढा निरोप पुरे! जी वस्तू सरकली तिच्याबद्दल 'हा तुकडा इतका उजवीकडे घे' असे कळवायचे. डोळ्यांना न जाणवणारे बारकावेही गाळायचे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ठरलेल्या 'एमपेग-२' पद्धतीत अशा युक्त्यांनी एक वाहिनी सेकंदाला सुमारे ४० लाख बिटांत, म्हणजे ५ लाख बाइटांत, बसवता येते. दोन कोटींचे पाच लाख, म्हणजे चाळिसावा हिस्सा झाला. ७५ गिगाबाइटचा तासाचा कार्यक्रम आता १.८ गिगाबाइटमध्ये मावतो.

हे बिट तारेत लहरींवर स्वार होऊनच येतात. लहरीची उंची आणि तिची आघाडी-पिछाडी म्हणजे कला, या दोन गोष्टी बदलून ६४ निरनिराळ्या खुणा तयार करतात. ६४ म्हणजे २ चा सहावा घात. म्हणून प्रत्येक खूण ६ बिट घेऊन येते. ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात सेकंदाला ६८ लाख ७५ हजार खुणा पाठवतात. गुणाकार केलात, तर ४ कोटी १२ लाख ५० हजार बिट होतील. त्यांतील काही बिट वाटेतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेले असतात. ते वजा जाता सुमारे ३ कोटी ८० लाख बिट उरतात. एका वाहिनीला ४० लाख धरले, तर ज्या पट्ट्यात पूर्वी जेमतेम एक वाहिनी मावत होती, तिथे आता नऊ मावतात!

एक फरक ध्यानात ठेवा. सलग पद्धतीत संकेत अशक्त झाला की पडद्यावर मुंग्या येत, पण त्यांतूनही चित्र ओळखू येई. अंकीय पद्धतीत चित्र बराच काळ स्वच्छ राहते. मग दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन चौकोन दिसून गोठते. म्हणून तारेचा सैल जोड आता पूर्वीपेक्षा उशिरा कळतो, पण कळतो तेव्हा काहीच दिसत नाही.

कुलूप आणि किल्ली

इथवर आल्यावर वाटेल की, अंकीय केबल समजणारा ट्यूनर आणला की काम झाले. असे ट्यूनर खरोखरच मिळतात. तरीही ते जोडल्यावर आपल्याकडे सहसा पडदा काळाच राहतो. ट्यूनर बिघडलेला नसतो, आकडेही व्यवस्थित येत असतात. पण ते कुलूपबंद असतात.

आकड्यांना कुलूप कसे घालतात? समजा, मूळ आकडे १०११००१० असे आहेत आणि किल्ली ०११०११०१ ही आहे. नियम असा की, किल्लीत जिथे १ असेल तिथला मूळ अंक उलटा करायचा आणि ० असेल तिथे तसाच ठेवायचा. उत्तर येते ११०१११११. हे ज्याच्या हाती पडेल त्याला अर्थबोध होणार नाही. पण ज्याच्यापाशी किल्ली आहे, त्याने तोच नियम पुन्हा लावला की मूळ आकडे परत मिळतात. करून पाहा. केबलमधील खरे कुलूप याहून पुष्कळच गुंतागुंतीचे असते, आणि किल्ली तर दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्ली त्याच तारेतून, पण दुसऱ्या एका कुलपात बंद होऊन येते. ते दुसरे कुलूप उघडण्याची सोय सेट टॉप बॉक्समध्ये किंवा त्याच्या कार्डात असते.

हा खटाटोप कशासाठी? सलग पद्धतीत तार घरात आली की सगळ्या वाहिन्या सर्वांना दिसत. किती घरांत कोणती वाहिनी पाहिली जाते, हे मोजायला साधन नव्हते. त्यामुळे वाहिनी चालवणाऱ्या कंपन्या, केबलवाले आणि सरकार यांच्यात ग्राहकांच्या संख्येवरून वाद होत. केबल दूरचित्रवाणीविषयीचा १९९५ चा कायदा २०११ साली सुधारण्यात आला आणि अंकीय केबल टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत पुणे, नागपूर, नाशिक ही शहरे होती आणि त्यांची मुदत ३१ मार्च २०१३ होती. शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. १९९० च्या दशकातली जुनी ट्यूनर कार्डे त्यामुळे केबलपुरती निरुपयोगी झाली.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. ग्राहकाने वाहिनीचे पैसे भरले आहेत. मग ती कोणत्या यंत्रावर पाहायची, हे कोण ठरवणार, ग्राहक की कंपनी? अमेरिकेने १९९६ च्या कायद्यात असे म्हटले की, ग्राहकाला दुकानातून स्वतःच्या पसंतीचे उपकरण घेता आले पाहिजे. त्यातून 'केबलकार्ड' निघाले. किल्ली एका लहान कार्डात घालून द्यायची, आणि ते कार्ड ग्राहकाने आपल्या यंत्रात बसवायचे. २००७ पासून असे कार्ड घेणारे संगणक तेथे मिळू लागले आणि २०१० मध्ये सुटे ट्यूनरही आले. घरचा संगणक खऱ्या अर्थाने केबलचा संच झाला! पण हे फार काळ टिकले नाही. ज्या 'मीडिया सेंटर' आज्ञावलीवर बरेचसे लोक अवलंबून होते, ती २०१५ च्या विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली. केबलकार्ड पुरवण्याचे कंपन्यांवरील बंधनही २०२० मध्ये उठवले गेले. युरोपात टीव्ही संचालाच खाच ठेवून किल्लीचे कार्ड बसवण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे किल्ली बहुधा कंपनीच्या सेट टॉप बॉक्समध्येच बंद असते. यंत्र घरचे असले, तरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे!

मग घरी काय करता येईल?

पहिला मार्ग. कुलूप बॉक्सलाच उघडू द्यायचे आणि त्याने बाहेर दिलेले चित्र संगणकात घ्यायचे. बहुतेक बॉक्सना मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन खाचा असतात, किंवा एकाच खाचेतून या तीन तारा काढलेल्या असतात. पिवळीतून चित्र येते, पांढऱ्या व लाल खाचेतून डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज. 'व्हिडिओ कॅप्चर' नावाचे बोटभर उपकरण मिळते. त्याच्या एका बाजूस या तीन तारा आणि दुसऱ्या बाजूस संगणकाची यूएसबी खाच. मग व्हीएलसीसारख्या मोफत आज्ञावलीत 'कॅप्चर डिव्हाइस उघडा' ही सूचना निवडायची. पद्धत विचारली तर 'पाल' निवडा. चुकून 'एनटीएससी' ही अमेरिकन पद्धत निवडली, तर संगणक ६२५ ओळींऐवजी ५२५ ओळी शोधू लागतो आणि चित्र गडगडते किंवा रंग जातात.

या मार्गाला मर्यादा आहेत. वाहिनी बदलायला बॉक्सचाच रिमोट लागतो. चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांपुरतेच मिळते. एचडीएमआय तारेतून याहून सुंदर चित्र निघते, पण त्यावर नक्कल रोखणारे आणखी एक कुलूप असू शकते. तसे असेल तर कॅप्चर उपकरणात काळा पडदाच दिसेल. ते कुलूप फोडण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरा मार्ग. कुलूपच नसलेले प्रक्षेपण घ्यायचे. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेल्या उपग्रह सेवेतील, आजच्या 'डीडी फ्री डिश'मधील, बहुतेक वाहिन्या उघड्या असतात. ही काही केबल नव्हे. पण लहान छत्री आणि उपग्रह संकेत घेणारा संगणकी ट्यूनर असेल, तर आकडे थेट संगणकात येतात. पुन्हा मोजणी नाही की गुणवत्तेत घट नाही. वर केलेला ४० लाख बिटांचा हिशेब धरला, तर ५०० गिगाबाइटच्या तबकडीवर सुमारे २७७ तासांचे कार्यक्रम साठवता येतील. अशी साठवण स्वतःपुरतीच ठेवावी. कार्यक्रमावर त्याच्या निर्मात्यांचा हक्क असतो.

ही काळजी घ्या

संगणकाच्या पेटीत कार्ड बसवायचे असेल, तर भिंतीतला प्लग काढून ठेवा आणि घरातील मोठ्या माणसांना सोबत घ्या. विद्युत पुरवठ्याची बंद डबी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात विद्युतभार साठलेला असू शकतो. तार जोडताना पिनेला हात लागून झिणझिण्या आल्या, तर समजा की कुठल्या तरी उपकरणाचे अर्थिंग नीट नाही. विजेच्या कारागिराला दाखवा, तोपर्यंत जोडणी थांबवा.

आणि वळवाच्या पावसात विशेष जपा. केबलची तार खांबाखांबांवरून, गच्च्यांवरून उघड्यावर आलेली असते. जवळपास वीज पडली तर तिचा झटका तारेतून थेट संगणकात शिरतो. आकाश भरून येताच, कडकडाट सुरू होण्यापूर्वी, केबलची पिन आणि प्लग दोन्ही काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र तारेला हात लावायला जाऊ नका.

करून पाहा

अंकीय केबलमधील आकडे १८८ बाइटांच्या पुडक्यांतून येतात. ही पुडकी प्रत्यक्ष पाहण्यासाठी केबलची किंवा छत्रीची गरज नाही. फोनवर काढलेले एखादे छोटे चलच्चित्र व्हीएलसीच्या 'कन्व्हर्ट' सोयीने 'एमपेग-टीएस' प्रकारात साठवा. ती फाइल 'हेक्स' म्हणजे सोळाच्या पायाने आकडे दाखवणाऱ्या आज्ञावलीत उघडा.

पहिला बाइट ४७ दिसेल. सोळाच्या पायातील ४७ म्हणजे आपले ४ गुणिले १६ अधिक ७, म्हणजे ७१. आता १८८ बाइट पुढे जा. पुन्हा ४७! पुडके कोठे सुरू होते ते ओळखण्याची ही खूण आहे. फाइलचे एकूण बाइट १८८ ने भागून पाहा, साधारणपणे बाकी शून्य येईल.

आता प्रत्येक पुडक्याचा चौथा बाइट पाहा. त्याचा पहिला अंक ० ते ३ यांपैकी असेल, तर पुडके उघडे आहे. तो ८, ९ किंवा ए ते एफ यांपैकी एखादे अक्षर असेल, तर पुडके कुलूपबंद आहे. तुमच्या स्वतःच्या चित्राची पुडकी अर्थातच उघडी निघतील. पुढे कधी संगणकाला ट्यूनर जोडून एखादी वाहिनी साठवलीत आणि पडदा काळा दिसला, तर तारेवर किंवा ट्यूनरवर राग काढण्यापूर्वी हा चौथा बाइट तपासा. दोष जोडणीत आहे की मध्ये कुलूप आहे, ते त्या एका अंकावरून कळेल.